भूकंपाच्या हिशेबात इमारतीचे वजन किती धरायचे?
आयएस १८९३ या मानकाचे एक टीकात्मक वाचन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे आठ हजार माणसे त्यात दगावली. बहुतेक जण घरात झोपलेले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, अशी ती घरे. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर फूटभरापासून दोन-अडीच फुटांपर्यंत मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून तो घातलेला असे.

थोडा हिशेब करू. माती घनमीटरला सुमारे १६०० किलोग्रॅम भरते. अर्धा मीटर जाडीचा थर असेल तर दर चौरस मीटरवर ८०० किलोग्रॅम झाले. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीच्या डोक्यावर नऊ टन माती! आज आपण घालतो तो १२ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब दर चौरस मीटरला ३०० किलोग्रॅमच भरतो.

किल्लारीनंतर आपण वर्गात मुलांना सांगू लागलो, की इमारत जितकी जड, तितके तिच्यावरचे भूकंपाचे बळ जास्त. हे विधान बरोबर आहे. न्यूटनच्या दुसऱ्या नियमातून ते सरळ निघते. पण ते अर्धेच आहे. इमारतीचे वजन भूकंपात आणखी एक काम करते, आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही. हे दुसरे काम समजून घ्यायचे आणि ते समजल्यावर आपल्या देशाच्या भूकंपविषयक मानकाकडे पाहायचे, असा या लेखाचा बेत आहे. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १८९३ हे ते मानक. ते १९६२ साली प्रथम निघाले आणि त्यानंतर अनेकदा सुधारले गेले. आपण मुख्यतः २००२ आणि २०१६ या आवृत्त्यांविषयी बोलू. देशात आज उभ्या असलेल्या असंख्य इमारतींचा हिशेब या दोन आवृत्त्यांवरून झालेला आहे.

वजनाची दोन कामे

पहिले काम वस्तुमानाचे. जमीन आडवी हलते, इमारतीचा पाया जमिनीबरोबर जातो, पण वरचे मजले जडत्वामुळे मागे राहू पाहतात. त्यांना ओढून नेण्यासाठी स्तंभांना बळ लावावे लागते. मजल्याचे वस्तुमान दुप्पट झाले की त्याच त्वरणाला हे बळही दुप्पट होते.

दुसरे काम गुरुत्वाकर्षणाचे. मजला बाजूला सरकला, की त्याच्यावरचे वजन स्तंभाच्या पायाच्या सरळ रेषेत राहत नाही. ते सरकलेल्या जागेवरून खाली दाबते आणि स्तंभाला आणखी वाकवते. स्तंभ जास्त वाकला की वजन आणखी बाहेर जाते. अभियंते याला पी-डेल्टा परिणाम म्हणतात. ‘पी’ म्हणजे वजन आणि ‘डेल्टा’ म्हणजे सरक.

हे वर्गात दाखवता येते. लोखंड कापायच्या करवतीचे एक जुने पाते घ्या. त्याच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा. पाते टेबलाच्या पकडीत असे उभे धरा, की वर २५ सेंटिमीटर भाग मोकळा राहील. टोकाला दोरा बांधून तो आडवा न्या, एका रिळावरून खाली सोडा आणि दोऱ्याला पाच ग्रॅम वजन लावा. पाते साधारण पाच मिलिमीटर वाकेल. आता पात्याच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना सारखे नट चिकटवून ५० ग्रॅम भार द्या आणि तेच पाच ग्रॅमचे वजन पुन्हा लावा. मग भार १०० ग्रॅम करा. बाजूने ओढणारे बळ तेच आहे, तरी सरक वाढत जाते. १०० ग्रॅमला ती जवळजवळ दुप्पट होते. १५० ग्रॅमला पाते फारच लवते आणि २०० ग्रॅमच्या आसपास ते बाजूचे बळ नसतानाही उभे राहायला तयार नसते. नेमके आकडे पात्याच्या जाडीनुसार थोडे बदलतील, ते मुलांनीच मोजावेत आणि आलेख काढावा.

या प्रयोगात जमीन हललेली नाही. त्वरण नाही, म्हणून वस्तुमानाच्या पहिल्या कामाचा संबंधच नाही. जे घडले ते केवळ वजनामुळे. इमारतीत भूकंपाच्या वेळी ही दोन्ही कामे एकदम चालतात.

सरक आणि डळमळांक

आता मानक काय म्हणते ते पाहू. मजल्याच्या छताची त्याच मजल्याच्या तळाच्या तुलनेत होणारी आडवी हालचाल म्हणजे त्या मजल्याची सरक. अभियंते तिला ड्रिफ्ट म्हणतात. आयएस १८९३ प्रमाणे ती मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पटींहून जास्त असता कामा नये. तीन मीटर उंचीच्या मजल्याला ही मर्यादा १२ मिलिमीटर होते. सरक आवरली की भिंती, खिडक्या, नळ यांचे नुकसान आवरते आणि इमारत कलण्याचा धोकाही कमी होतो, अशी यामागची कल्पना.

कलण्याचा धोका मोजण्यासाठी मात्र वेगळा अंक लागतो. तो आपल्याकडे काँक्रीटच्या मानकात, म्हणजे आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीच्या एका परिशिष्टात आहे. त्याचे इंग्रजी नाव स्टॅबिलिटी इंडेक्स. पण हा अंक वाढला की स्थैर्य कमी होते! म्हणून आपण त्याला येथे डळमळांक म्हणू.

डळमळांक = (मजल्यावरचे एकूण वजन × सरक) ÷ (मजल्यावरचे बाजूचे बळ × मजल्याची उंची)

एक उदाहरण घेऊ. शाळेच्या तळमजल्यावर वरच्या सगळ्या मजल्यांचे मिळून ६०० टन वजन येते. भूकंपाचे बाजूचे बळ ३० टन धरले आहे. त्यामुळे सरक ६ मिलिमीटर होते. मजल्याची उंची ३००० मिलिमीटर. वरचा गुणाकार ३६००, खालचा ९०,०००, म्हणजे डळमळांक ०.०४ आला. आयएस ४५६ प्रमाणे ०.०४ पर्यंत मजला न झुकणारा मानता येतो. त्यापुढे तो झुकणारा ठरतो आणि स्तंभांचा हिशेब अधिक कडक होतो.

आता मुलांना एक प्रश्न विचारा. भूकंप दुप्पट जोराचा धरला, बाजूचे बळ ३० ऐवजी ६० टन घेतले, तर डळमळांक किती होईल? बहुतेक जण दुप्पट म्हणतील. पण इमारत लवचीक मर्यादेत असेल तर बळ दुप्पट झाल्यावर सरकही दुप्पट होते. अंशात १२ मिलिमीटर, छेदात ६० टन, आणि उत्तर पुन्हा ०.०४!

म्हणजे डळमळांक भूकंपाच्या जोरावर अवलंबून नाही. मजल्याची उंची ठरलेली असेल तर तो अवलंबून आहे फक्त दोन गोष्टींवर. एक, मजल्याचा ताठपणा, म्हणजे एक मिलिमीटर सरकवायला किती बळ लागते ते. दोन, वजन. ताठपणा कसा मोजायचा हे मानक बऱ्यापैकी स्पष्ट सांगते. २०१६ च्या आवृत्तीने तर एक चांगली सुधारणा केली. भूकंपात काँक्रीटला तडे जातात हे लक्षात घेऊन स्तंभांचा ताठपणा ७० टक्के आणि तुळयांचा ३५ टक्केच धरावा, असे तिने सांगितले. राहिले ते वजन. आणि वजन किती धरायचे, याच ठिकाणी मानकाचा आवाज अस्पष्ट होतो.

एकच इमारत, सहा उत्तरे

इमारतीवरचे उभे भार दोन प्रकारचे. स्लॅब, तुळया, स्तंभ, भिंती, फरशी यांचे वजन म्हणजे अचल भार. माणसे, बाके, कपाटे, सामान यांचे वजन म्हणजे चल भार. अचल भार बराच अचूक काढता येतो. चल भार मात्र तासातासाला बदलतो. त्यासाठी आयएस ८७५ हे वेगळे मानक आकडे ठरवून देते. वर्गखोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलोग्रॅम, घरातल्या खोल्यांसाठी सुमारे २००.

भूकंप होईल त्या क्षणी प्रत्येक खोली पूर्ण भरलेली असेल, हे संभवत नाही. म्हणून आयएस १८९३ म्हणते, की भूकंपाचे बळ काढताना ३०० किलोग्रॅमपर्यंतच्या चल भाराचा २५ टक्के आणि त्याहून मोठ्या चल भाराचा ५० टक्के भाग धरा. गच्चीवरचा चल भार धरू नका. ही विभागणी २००२ मध्ये होती आणि २०१६ मध्येही राहिली.

हे शहाणपणाचे आहे का, ते मोजूनच पाहू. ४८ चौरस मीटरच्या वर्गात सरासरी ४० किलोग्रॅमची ५० मुले, म्हणजे २००० किलोग्रॅम. २५ बाके प्रत्येकी २५ किलोग्रॅमची, म्हणजे ६२५. एकूण २६२५ भागिले ४८, म्हणजे दर चौरस मीटरला ५५ किलोग्रॅम. मानक ३०० च्या २५ टक्के, म्हणजे ७५ धरायला सांगते. भरलेल्या वर्गाहून ते थोडे जास्तच आहे. या बाबतीत मानकाला पूर्ण गुण दिले पाहिजेत. आपल्या वर्गाचे वजन मुलांकडून काढून घ्या. त्यांनाही हा ताळा पाहून आनंद होईल.

अडचण पुढे आहे. स्तंभ आणि तुळया किती मजबूत हव्यात हे ठरवताना मानक भारांच्या अनेक जोड्या तपासायला लावते. एका जोडीत अचल भार, चल भार आणि भूकंप या तिघांना १.२ ने गुणायचे. दुसरीत अचल भार आणि भूकंप यांना १.५ ने, चल भार नाहीच. तिसरीत अचल भार ०.९ पट आणि भूकंप १.५ पट. हे वाढीव गुणक मजबुतीत हात राखण्यासाठी असतात. काँक्रीट थोडे कमी प्रतीचे निघाले, वजन अंदाजापेक्षा थोडे जास्त झाले, तरी निभावले पाहिजे.

सरक तपासताना मात्र असा हात राखायचा नसतो. तिथे प्रश्न ‘प्रत्यक्षात काय होईल’ हा असतो. म्हणून सरकेच्या कलमात गुणक १.० धरायला सांगितले आहे. येथपर्यंत ठीक. पण १.० पट कशाच्या? पूर्ण चल भाराच्या, की २५ टक्के चल भाराच्या? सरकेचे कलम ते सांगत नाही. २००२ च्या आवृत्तीत वेगळ्या कलमात असे होते, की भूकंपाबरोबर उभे भार जोडताना चल भाराचे तेच कमी केलेले टक्के वापरावेत. पण ते मजबुतीच्या जोड्यांविषयी होते. दुसरीकडे डळमळांक ज्या आयएस ४५६ मध्ये आहे, तिथे वजन आणि बळ दोन्ही गुणक लावून घेतलेली आहेत. मग भूकंपासाठी कोणत्या जोडीतले वजन घ्यायचे?

फरक किती पडतो ते पाहा. समजा दर चौरस मीटरला अचल भार सर्व धरून १००० किलोग्रॅम आणि चल भार ३०० किलोग्रॅम आहे. वरच्या उदाहरणातला ०.०४ हा अंक १.० पट अचल भार आणि २५ टक्के चल भार, म्हणजे १०७५ किलोग्रॅम धरून आला आहे, असे मानू. ताठपणा तोच ठेवून वजन बदलत गेलो, तर अशी उत्तरे येतात:

०.९ पट अचल भार: ९०० किलोग्रॅम, डळमळांक ०.०३३
अचल भार आणि २५ टक्के चल भार: १०७५ किलोग्रॅम, डळमळांक ०.०४०
दोन्हींची १.२ पट, चल भार २५ टक्के: १२९० किलोग्रॅम, डळमळांक ०.०४८
अचल भार आणि पूर्ण चल भार: १३०० किलोग्रॅम, डळमळांक ०.०४८
१.५ पट अचल भार: १५०० किलोग्रॅम, डळमळांक ०.०५६
दोन्हींची १.२ पट, चल भार पूर्ण: १५६० किलोग्रॅम, डळमळांक ०.०५८

इमारत एकच, भूकंप एकच, ताठपणा एकच. उत्तरे मात्र ०.०३३ पासून ०.०५८ पर्यंत. एका हिशेबाने मजला न झुकणारा आहे, दुसऱ्याने झुकणारा. दोन्ही अभियंते म्हणू शकतात, की आम्ही मानकाप्रमाणेच चाललो. मानकाचे काम असते ते नेमके असे मतभेद मिटवण्याचे. आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत पी-डेल्टा परिणामाची व्याख्या दिलेली आहे. व्याख्या द्यायची आणि ती वापरताना वजन किती घ्यायचे हे सांगायचे नाही, हे शब्दकोशाला शोभेल, मानकाला नाही.

इतरांनी काय केले?

अमेरिकेतल्या एएससीई ७ या मानकाने हा प्रश्न एका वाक्यात मिटवला. डळमळांक काढताना कोणत्याही भाराचा गुणक १.० हून जास्त घेण्याची गरज नाही, असे ते स्पष्ट सांगते. अंक ०.१० पर्यंत असेल तर पी-डेल्टा परिणाम सोडून द्यायला परवानगी आहे. इमारत कशीही असो, तो ०.२५ च्या वर जाऊ द्यायचा नाही.

युरोपच्या युरोकोड ८ ने आणखी एक पाऊल पुढे टाकले. वजनाच्या दोन कामांसाठी चल भाराचे दोन वेगळे हिस्से त्याने ठेवले. खाली दाबणारे वजन म्हणून घरे आणि कचेऱ्यांत चल भाराचा ३० टक्के, दुकाने आणि सभागृहांत ६० टक्के, कोठारांत ८० टक्के भाग धरायचा. बळ निर्माण करणारे वस्तुमान म्हणून मात्र याहून कमी धरायची मुभा आहे. मजले स्वतंत्रपणे वापरात असतील तर निम्मेच. असे का? माणूस किंवा सुटे कपाट जमिनीला घट्ट जोडलेले नसते. ते थोडे घसरते, डुलते, आणि इमारतीबरोबर पूर्णपणे ओढले जात नाही. म्हणून त्याच्यामुळे येणारे आडवे बळ कमी. पण त्याचे वजन? ते घसरले तरी स्लॅबवरच आहे. खाली दाबण्यात ते कसूर करत नाही.

हा विचार मला फार शिकवण्याजोगा वाटतो. वस्तुमान आणि वजन यांतला फरक आपण आठवीत चंद्रावर उडी मारणाऱ्या माणसाचे उदाहरण देऊन शिकवतो. तोच फरक एका तिमजली शाळेच्या हिशेबात असा उपयोगी पडतो. आपले मानक मात्र दोन्ही कामांना एकच टक्केवारी लावून मोकळे होते.

येथे एक इशारा द्यायला हवा. युरोपीय ०.१ आणि आपला ०.०४ यांची थेट तुलना करू नये. इमारतीचा हिशेब करताना भूकंपाचे खरे बळ एका आकड्याने भागून कमी केलेले असते. इमारत न कोसळता वाकून बरीच ऊर्जा पचवते, हे त्यामागचे कारण. विशेष काळजीने सळ्या बांधलेल्या सांगाड्यासाठी आपल्याकडे हा भाजक ५ आहे. बळ भागले म्हणून खरी सरक कमी होत नाही. कागदावर १२ मिलिमीटर दिसणारी सरक प्रत्यक्षात साधारण पाचपट, म्हणजे ६० मिलिमीटर होऊ शकते. युरोकोड ही न भागलेली सरक घेऊन डळमळांक काढतो. आपण भागलेली घेतो. म्हणजे वजन किती धरायचे हा प्रश्न सरक कोणती धरायची या प्रश्नापासून सुटा करता येत नाही. मानकाने दोन्हींविषयी एका जागी बोलायला हवे.

सरकेची मर्यादा पुरेशी नाही

मानकाच्या बाजूने कोणी म्हणेल, की सरकेवर ०.००४ ची मर्यादा आहे, तीच डळमळ आवरते. हे तपासून पाहता येते. डळमळांकाचे सूत्र जरा वेगळे मांडले, तर तो म्हणजे सरक-उंची गुणोत्तर भागिले बळ-वजन गुणोत्तर. बाजूचे बळ वजनाच्या ५ टक्के असेल आणि सरक बरोबर मर्यादेवर असेल, तर ०.००४ भागिले ०.०५, म्हणजे डळमळांक ०.०८. पण २०१६ च्या आवृत्तीत तिसऱ्या भूकंप पट्ट्यासाठी बाजूच्या बळाची किमान मर्यादा वजनाच्या १.१ टक्के आहे. तिथे ०.००४ भागिले ०.०११ केले, की उत्तर येते ०.३६. अशा मजल्याची खरी सरक पी-डेल्टामुळे कागदावरच्या सरकेच्या दीडपटीहून जास्त होईल. आणि सरकेची तपासणी मात्र तो उत्तीर्ण झालेला असेल!

प्रत्यक्षात बहुतेक इमारती मर्यादेच्या इतक्या काठावर नसतात. भिंतींमुळे आणि वाऱ्यासाठी केलेल्या तरतुदींमुळे त्या अधिक ताठ असतात. पण निष्कर्ष महत्त्वाचा आहे आणि तो आपल्या समजुतीच्या उलटा आहे. भूकंपाचा धोका कमी मानलेल्या प्रदेशात बाजूचे बळ कमी धरले जाते, म्हणून सांगाडा नाजूक चालतो. गुरुत्वाकर्षण मात्र सगळीकडे सारखेच. तेव्हा डळमळीचा प्रश्न तिथेच अधिक टोकदार होतो. किल्लारीचा परिसर १९९३ साली सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, हे विसरू नये.

दुसरे उदाहरण वाहनतळासाठी मोकळ्या सोडलेल्या तळमजल्याचे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा कित्येक इमारती पडल्या. तळमजल्यावर भिंती नाहीत, म्हणून ताठपणा सर्वांत कमी. आणि वरच्या सर्व मजल्यांचे ओझे तिथेच, म्हणून वजन सर्वांत जास्त. डळमळांक वाढवणारी दोन्ही कारणे एकाच मजल्यावर एकत्र आली. त्या पडझडीला निकृष्ट बांधकाम, सळ्यांची अपुरी बांधणी अशी इतरही कारणे होती. पण वजन कुठे आणि किती, हा प्रश्न त्यांत होताच.

वापर बदलतो तेव्हा

मानकावरचा शेवटचा आक्षेप आपल्या शाळांशी थेट संबंधित आहे. चल भाराचे टक्के त्या भाराच्या आकड्यावरून ठरतात, त्याच्या स्वभावावरून नाही. ३०० किलोग्रॅम असेल तर २५ टक्के, म्हणजे ७५. शाळेच्या व्हरांड्यासाठी ४०० धरतात, तिथे एकदम ५० टक्के, म्हणजे २००. पण व्हरांड्यातली माणसे येतात आणि जातात, कपाटातले कागद वर्षानुवर्षे तिथेच राहतात. कोणता भार कायम असतो आणि कोणता क्षणिक, हा भेद मानकाने करायला हवा होता. २००२ च्या आवृत्तीत एक वाट ठेवलेली आहे. प्रत्यक्ष भाराचा अधिक अचूक अंदाज असेल तर अभियंत्याने तो वापरावा, असे ती म्हणते. पण ही मुभा आहे, सक्ती नाही.

अनेक शाळांत दिसणारे एक दृश्य आठवा. वरच्या मजल्यावरची एक वर्गखोली रिकामी असते. हळूहळू तिथे जुन्या उत्तरपत्रिका, हजेरीपट, मोडकी बाके, न वाटलेली पुस्तके जमू लागतात. कागदाचे गठ्ठे घनमीटरला ७०० किलोग्रॅम धरू. निम्म्या जमिनीवर दीड मीटर उंचीपर्यंत गठ्ठे रचले, तर दर चौरस मीटरला सरासरी ५२५ किलोग्रॅम भार झाला. भूकंपाच्या हिशेबात धरलेले होते ७५. सातपट! शिवाय तो त्या स्लॅबच्या ३०० किलोग्रॅमच्या मर्यादेच्याही वर गेला. आणि हे ओझे सर्वांत वर, म्हणजे खालच्या प्रत्येक मजल्याच्या वजनात मिळणारे.

ही भीती केवळ कागदी नाही. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीत शेकडो इमारती पडल्या. मूळ कारण होते जुन्या तळ्याच्या मऊ गाळाचे. त्या गाळावर कंपने वाढली आणि सहा ते पंधरा मजली इमारतींच्या लयीशी जुळली. पण पाहणी करणाऱ्यांनी नोंदवलेल्या कारणांत मूळ आराखड्यापेक्षा जास्त ओझे, म्हणजे राहत्या किंवा कचेरीच्या जागेची झालेली कोठारे, हेही एक होते.

गच्चीचेही तसेच. गच्चीवरचा चल भार धरू नका, हे वाक्य आपल्या सवयींशी जुळत नाही. पाण्याच्या नव्या टाक्या, पत्र्याची शेड, मातीची कुंडी-बाग हे सगळे बांधकामानंतर वर चढते. यांतले बरेचसे खरे म्हणजे अचल भारच. पण ते आराखड्यानंतर येतात, म्हणून कोणाच्याच हिशेबात नसतात. माळवदावर चढत गेलेली माती आणि गच्चीवर चढत गेलेल्या टाक्या यांच्यात तत्त्वाचा फरक नाही.

मग काय लिहायला हवे?

टीका करणाऱ्याने पर्यायही द्यावा. माझ्या मते भूकंपाच्या मानकात चार वाक्ये पुरतील. सरक आणि डळमळ तपासताना अचल भार पूर्ण आणि विनागुणक धरावा. चल भाराचा जो हिस्सा प्रत्यक्षात असण्याचा संभव आहे तो धरावा, आणि साठवणीच्या जागी तो जवळजवळ पूर्ण धरावा. डळमळांकाची मर्यादा सरकेच्या मर्यादेबरोबर, एकाच कलमात आणि न भागलेल्या सरकेसाठी द्यावी. इमारत उलथण्याचा विचार करताना मात्र कमी वजनच धरावे, कारण तिथे वजन इमारतीला धरून ठेवते. ०.९ पट अचल भाराची जोडी त्यासाठीच आहे.

या शेवटच्या वाक्यावरून विषयाचे सार लक्षात येईल. ‘जास्त वजन धरले की हिशेब सुरक्षित बाजूला राहतो’ अशी एक सोयीची समजूत आहे. ती खोटी आहे. कधी जास्त वजन घातक, कधी कमी. वजन किती धरायचे याला एकच उत्तर नाही. आपण कोणता प्रश्न विचारतो आहोत, त्यावर ते अवलंबून आहे.

मानक सुधारणे आपल्या हाती नाही. पण करवतीच्या पात्याचा प्रयोग आहे. वर्गाचे वजन काढणे आहे. आणि एका दुपारी मुलांना घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर जाणे, तिथल्या गठ्ठ्यांची लांबी-रुंदी-उंची मोजणे आणि दर चौरस मीटरचा भार फळ्यावर मांडणे आहे. आकडा ३०० च्या वर निघाला, तर मुख्याध्यापकांना तो दाखवा. गठ्ठे तळमजल्यावर आणायला फार खर्च येत नाही.